आंदणात आलेल्या सात विद्या

१५४३ साली न्यूरेंबर्गला कोपर्निकसचा ग्रंथ छापून निघाला. त्याच्या पहिल्या भागातल्या दहाव्या प्रकरणात एका जुन्या लेखकाचं नाव आदराने घेतलेलं आहे. बुध आणि शुक्र पृथ्वीला फेऱ्या घालत नाहीत, सूर्याला घालतात, हे म्हणणं मुळीच टाकाऊ नाही, असं सांगताना कोपर्निकस साक्षीला बोलावतो तो मार्टियानस कपेलाला. गंमत अशी, की या कपेलाने स्वतः आकाशाचा वेध घेतल्याची कुठलीही खूण त्याच्या लिखाणात नाही. तो उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा. वकिली करत असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आणि ज्या पुस्तकाचा कोपर्निकसने आधार घेतला, ते एका लग्नाची गोष्ट सांगतं.

‘फिलोलोगिया आणि मर्क्युरी यांचा विवाह’ हे ते पुस्तक. भाग नऊ, गद्यात मधून मधून पद्य, लॅटिन इतकी वळणदार की भल्या भल्या पंडितांना कोश उघडावा लागतो. ते केव्हा लिहिलं गेलं यावर वाद आहे. भूगोल सांगताना कपेला रोमबद्दल, जोवर तिची भरभराट होती तोवर ती स्तुतीस पात्र होती, अशा अर्थाचं बोलतो. म्हणून ४१० साली गॉथांनी रोम लुटल्यानंतरचं हे लिखाण, असं धरतात. कार्थेजचं वर्णन मात्र आत्ता संपन्न असलेल्या शहराचं आहे, आणि ४३९ साली व्हँडलांनी कार्थेज घेतलं. तेव्हा त्याआधीचं असणार. डॅन्युटा शँझर यांच्यासारखे अभ्यासक ते व्हँडल राजवटीत, पाचव्या शतकाच्या शेवटाकडे नेतात. काही असलं तरी रोमन साम्राज्य खचत असताना एक म्हातारा माणूस आपल्या मुलासाठी, त्याचंही नाव मार्टियानस, साऱ्या विद्यांचा सारांश लिहायला बसला, एवढं पक्कं.

युरोपात ‘सात उदार कला’ म्हणून जी शिक्षणाची चौकट हजारभर वर्षं टिकली, तिचा विचार करताना या माणसाला वळसा घालून जाता येत नाही. व्याकरण, तर्क, वक्तृत्व हे तीन विषय भाषेचे. भूमिती, अंकगणित, खगोल, संगीत हे चार संख्येचे. ही यादी कुणी ठरवली, का ठरवली, ती शाळांमध्ये खरोखर कितपत शिकवली जात होती आणि कपेलाचा त्यात वाटा किती, यावर गेली पावणेदोनशे वर्षं विद्वान भांडत आहेत. त्या भांडणाचा हा आढावा.

आधी गोष्ट. देवांचा दूत मर्क्युरी याला संसार थाटायचा आहे. त्याच्या मनात आलेली स्थळं एकेक करून हातची जातात: सोफिया म्हणजे प्रज्ञा, तिला मिनर्व्हाला सोडून यायचं नाही, मान्तिके म्हणजे भविष्यविद्या, ती अपोलोची झाली, सायकी तर क्युपिडच्या ताब्यात. शेवटी अपोलो फिलोलोगियाचं नाव सुचवतो. मुलगी अतिशय विद्वान, फक्त मर्त्य आहे. ज्युपिटर देवांची सभा भरवतो आणि तिला अमर करायचं ठरतं. इकडे मुलीच्या मनात धाकधूक. ती नवऱ्या मुलाच्या आणि स्वतःच्या नावातल्या अक्षरांचे आकडे मांडते, बेरजा करते आणि दोघांचं जुळतं का ते ताडून पाहते. आपल्याकडच्या वाचकाला या ठिकाणी एकदम घरी आल्यासारखं वाटावं.

पुढचा प्रसंग या पुस्तकातला सर्वांत ध्यानात राहणारा. स्वर्गात जायचं तर छातीत साठलेलं ओझं आधी बाहेर काढ, असं अमरत्वाची देवी तिला बजावते. मग फिलोलोगिया ओकते, आणि बाहेर पडतात पुस्तकं. नाना भाषांची, नाना लिप्यांची, गुंडाळ्यांवर गुंडाळ्या. भोवतीच्या विद्या ती धावत धावत गोळा करतात. त्यानंतर ती अमरत्वाचा पेला पिते आणि पालखीत बसून एकेका ग्रहाची कक्षा ओलांडत वर जाते. लग्नमंडपात मर्क्युरी तिला सात दासी आंदण देतो. या सात दासी म्हणजेच सात कला. तिसऱ्या भागापासून नवव्यापर्यंत एकेक जण पुढे येते आणि देवांसमोर आपली विद्या सांगते.

या दासींच्या रूपांत कपेलाने खरी हौस भागवून घेतली आहे. व्याकरण म्हातारी आहे. तिच्या पेटीत मुलांच्या जिभेवरचे दोष कापायची सुरी आहे, औषधं आहेत आणि आठ सोनेरी भागांत विभागलेली कानस आहे. शब्दांच्या आठ जातींचीच ती खूण. तर्कविद्या फिकट, तिच्या डाव्या हातात साप. वक्तृत्व शिरस्त्राण घालून शस्त्रांच्या खणखणाटात येते आणि फिलोलोगियाच्या कपाळाचं चुंबन घेते तेही सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. भूमिती पृथ्वी पायाखाली घालून आलेली, म्हणून तिचे जोडे झिजलेले. अंकगणिताची बोटं इतकी चपळ हलतात की दिसत नाहीत. ती ज्युपिटरला बोटांवर ७१७ हा आकडा करून वंदन करते.

आणि या विद्या शिकवतात काय? इथे बहुतेक आधुनिक वाचक निराश झाले. माल उसना आहे. वक्तृत्वाचा मजकूर सिसेरो आणि नंतरच्या पाठ्यपुस्तकांतून, अंकगणिताचा निकोमाकसच्या परंपरेतून, संगीताचा आरिस्टिडीस क्विंटिलियानसकडून. भूमितीचं भाषण मुख्यतः भूगोलाचं, प्लिनी आणि सोलिनस यांच्यावरून उतरवलेलं. पृथ्वीचा घेर एराटोस्थेनीसच्या हिशोबाने २,५२,००० स्टेडिया आहे हे त्यात येतं, नद्या-पर्वत-बेटं येतात, आणि प्रत्यक्ष भूमिती शेवटी थोडक्यात उरकलेली. दिलेल्या रेषेवर समभुज त्रिकोण कसा काढायचा, एवढं वाक्य ती उच्चारते न उच्चारते तोच जमलेले तत्त्वज्ञ युक्लिडच्या नावाने जयजयकार करतात. भूमिती खूश होऊन युक्लिडचे ग्रंथ ज्युपिटरला अर्पण करते आणि तास संपतो. म्हणजे जिथे भूमिती सुरू व्हायची, तिथेच भाग आटोपला.

विल्यम स्टाल यांनी १९७१ आणि १९७७ साली दोन खंडांत निघालेल्या इंग्रजी आवृत्तीच्या कामात कपेलाची याच मुद्द्यावर झडती घेतली. प्राचीन ग्रीक विज्ञान उतरणीला लागून संक्षेपांचे संक्षेप होत गेले, त्याचा हा नमुना, असा त्यांचा सूर. चूक म्हणता येणार नाही. पण भूमितीचा तो प्रसंग विनोद म्हणून वाचला तर? पुस्तकभर असे विनोद पेरलेले आहेत. व्याकरण रंगात आली असताना देव कंटाळलेत हे पाहून मिनर्व्हा तिला थांबवते. तर्कविद्येला बाखुस साप खेळवणारी चेटकीण म्हणून हिणवतो. अंकगणिताच्या आधी रतीची देवी नवरदेवाच्या कानाशी लागते, की हे किती वेळ चालणार. आठव्या भागाच्या तोंडाशी तर म्हातारा सायलिनस भर सभेत मोठ्याने ढेकर देतो, देव हसून लोळतात, आणि ही गोष्ट सांगणारी ‘साटिरा’ लेखकालाच झापते, की खगोलाच्या गंभीर विषयाआधी हा काय चावटपणा. आपल्या विद्वत्तेचा कंटाळा येऊ शकतो हे कपेलाला चांगलं ठाऊक होतं. जोएल रेलिहान यांनी १९९३ साली मेनिपीय उपहासावरच्या, म्हणजे गद्यपद्य मिसळून थट्टा करणाऱ्या प्राचीन प्रकारावरच्या, पुस्तकात त्याला या अंगाने वाचलं, आणि मला ते वाचन स्टाल यांच्यापेक्षा पुष्कळ जवळचं वाटतं. सी. एस. लुईस यांनी त्याआधीच, १९३६ साली, या विश्वाने निर्माण केलेल्या विचित्र प्राण्यांच्या पंगतीत कपेलाला बसवलं होतं. त्यात थट्टा होती आणि माया पण होती.

आता सातच का, हा प्रश्न. रोमन विद्वान वारो याने इ. स. पू. पहिल्या शतकात विद्यांवर नऊ ग्रंथ लिहिले होते. ते हरवले. १८४५ साली फ्रीडरिश रिचल या जर्मन पंडिताने कपेला, ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन वगैरेंच्या आधाराने ते पुन्हा उभे करण्याचा घाट घातला: सात कला, अधिक वैद्यक, अधिक वास्तुविद्या. वास्तुविद्येवर वारोने लिहिलं होतं हे रोमन वास्तुविशारद विट्रूव्हियस सांगतो. शिवाय कपेलाच्याच नवव्या भागात एक सूचक प्रसंग आहे. संगीताला बोलावण्याआधी वैद्यक आणि वास्तुविद्या मंडपात तिष्ठत उभ्या असल्याचं अपोलो लक्षात आणून देतो. पण त्यांचा संबंध मर्त्य, मातीच्या गोष्टींशी, तेव्हा देवसभेत त्यांनी गप्प राहावं असं ठरतं. नवातून दोन गेले, सात उरले. रिचलचं हे गणित इतकं सुटसुटीत होतं की शंभर-सव्वाशे वर्षं ते बहुतेकांनी उतरवून घेतलं.

१९८४ साली इल्सट्राउट हाडो यांनी त्यालाच सुरुंग लावला. त्यांचं म्हणणं असं, की वारोच्या नऊ विषयांची यादी कुठेच सलग मिळत नाही. ती कपेलावरून रचायची आणि मग कपेलाने वारोकडून घेतलं म्हणायचं, हे वर्तुळ आहे. सातांची बंदिस्त माळ पहिल्यांदा दिसते ती ऑगस्टीनने ३८६ साली लिहिलेल्या ‘व्यवस्थेविषयी’ या संवादात, आणि तिच्यामागे रोमन शाळा नसून नवप्लेटोवादी तत्त्वज्ञान आहे. दृश्य वस्तूंपासून संख्येपर्यंत आणि संख्येपासून एकमेवापर्यंत आत्म्याला चढवत न्यायची ती शिडी. याला उत्तरं आली. २००५ साली निघालेल्या ऑगस्टीन आणि विद्या या विषयावरच्या लेखसंग्रहात शँझर यांनी वारोची बाजू पुन्हा उचलून धरली.

दोन्हीकडचे पुरावे समोर ठेवले तर हाडो यांची टीका जोरदार वाटते, त्यांचा पर्याय तितका नाही. ऑगस्टीनची शिडी आत्म्याला वर नेते हे खरं. कपेलाच्या देवसभेत मात्र कला शिडी होत नाहीत. नवरी आधीच वर पोहोचलेली असते, मग त्या भाषणं देतात. चढायचं काम पालखी करते! शिवाय कपेलाने रोमन आणि त्यांच्या आधीच्या इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या जुन्या वस्तू पोत्याने गोळा केल्या आहेत. पहिल्या भागात देवांना निमंत्रणं जातात ती आकाशाच्या सोळा विभागांतून. १८७७ साली इटलीत पियाचेंझाजवळ यकृताच्या आकाराची एक कांस्याची एट्रुस्कन वस्तू शेतात सापडली, तिच्या कडेवर सोळा घरं कोरलेली आणि त्यांत देवांची नावं. कपेलाची यादी आणि त्या कडेवरची नावं यांचा ताळा मांडणं हा तेव्हापासून एक स्वतंत्र अभ्यास झाला. इतकं जुनं सामान ज्याच्या हाती होतं त्याने वारो, थेट नाही तर आडून, चाळलाच नसेल असं म्हणणं जड जातं.

वाद कुठल्याही बाजूने सुटो, ज्या दोघींना गप्प बसवलं त्यांची गोष्ट पुढे बरीच लांबली. हाताने करायच्या विद्या खालच्या, ही समजूत कपेलाची नव्हे, सगळ्या प्राचीन जगाची. ‘उदार’ म्हणजे गुलाम नसलेल्या माणसाला शोभणारं. पण कपेलाच्या चौकटीने ती समजूत शाळेत पक्की बसवली. दुरुस्तीही त्याच्याच भाष्यकारांकडून सुरू झाली हे नवल. फ्रँकांचा राजा टक्कल्या शार्ल याच्या दरबारातला आयरिश पंडित योहान्नेस एरियुजेना याने नवव्या शतकात कपेलावर टिपणं लिहिली. त्यात तो म्हणतो, की मर्क्युरीने सात उदार कला दिल्यावर नवरीनेही उलट त्याला सात यांत्रिक कला दिल्या. मूळ गोष्टीत असलं काही नाही. भाष्यकाराला वाटलं, देणं दोन्हीकडून व्हायला हवं. बाराव्या शतकात पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातल्या ह्यूगोने सात यांत्रिक कलांची रीतसर यादीच केली. विणकाम, शस्त्र-अवजारं आणि बांधकाम, व्यापार-जलप्रवास, शेती, शिकार, वैद्यक, नाट्य. वैद्यक असं मागच्या दाराने परत आलं.

एरियुजेनाच्या टिपणांपर्यंत कपेला पोहोचला कसा, ही वाट अरुंद आहे. सहाव्या शतकाच्या आसपास रोममध्ये सेक्युरस मेलियर फेलिक्स नावाच्या वक्तृत्वशिक्षकाने आपल्या शिष्याच्या मदतीने अतिशय चुकांनी भरलेल्या प्रती दुरुस्त केल्या, अशी नोंद हस्तलिखितांत आहे. तिचं साल काही ४९८ मानतात, काही ५३४. सहाव्या शतकाच्या अखेरीस तूरचा बिशप ग्रेगरी आपल्या इतिहासाच्या शेवटी ‘आमचा मार्टियानस’ म्हणून त्याचं नाव घेतो. बोएथियस आणि कासियोडोरस यांनी याच विषयांवर जास्त नेटकी पुस्तकं लिहिली होती, शिवाय दोघं ख्रिस्ती. तरी ७८९ साली शार्लमेनने मठ आणि कॅथेड्रलांत शाळा काढण्याचं फर्मान काढल्यावर नवव्या शतकातल्या शिक्षकांनी कपेलावर उडी घेतली. ओसेरच्या रेमिगियसचं भाष्य फार पसरलं. आज या पुस्तकाची २४०हून अधिक हस्तलिखितं माहीत आहेत.

ज्या पुस्तकात ख्रिस्ताचं नाव नाही, देवदेवींची लग्नं आहेत, ते मठांत इतकं का चाललं? भाष्यकारांनी तोडगा काढला: मर्क्युरी म्हणजे वाणी, फिलोलोगिया म्हणजे बुद्धी, दोघांचं लग्न झालं तरच शिक्षण पुरं. पण मला वाटतं खरं कारण साधं आहे. धडे इतरत्र जास्त चांगले मिळत होते. लग्न फक्त इथे होतं. सेंट गॉलच्या मठातल्या नॉटकरने, जो १०२२ साली वारला, या पुस्तकाचं जुन्या जर्मनमध्ये भाषांतर केलं ते पहिल्या दोन भागांचंच, म्हणजे गोष्टीचं. बाराव्या शतकानंतरच्या कित्येक प्रतींतही तेवढेच दोन भाग आहेत. क्वेडलिनबुर्गच्या मठातल्या जोगिणींनी इ. स. १२०० च्या सुमारास प्रचंड गालिचा विणला त्याचा विषय हाच विवाह. त्याचे तुकडे अजून तिथे आहेत. शार्त्रच्या कॅथेड्रलच्या पश्चिम दरवाजावर सात कला दगडात कोरल्या आहेत, प्रत्येकीखाली लिहीत बसलेला एक प्राचीन आचार्य. तिथे व्याकरणाच्या हातात सुरीऐवजी छडी आहे आणि पायाशी दोन पोरं, त्यांतला एक दुसऱ्याचे केस ओढतोय. फ्लॉरेन्समधल्या सांता मारिया नोव्हेलात १३६० च्या दशकात आंद्रेया दी बोनायुतोने सातही जणी रांगेत बसवल्या. पुढे बोत्तिचेल्लीनेही भिंतीवर एका तरुणाला त्यांच्यापुढे नेऊन उभं केलं. ते चित्र आता पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे.

लोकांना धड्यांपेक्षा लग्नाची गोष्टच हवी होती, पण खगोलाचा भाग त्याला अपवाद म्हणायला हवा. ब्रूस ईस्टवुड यांनी दाखवून दिलं, की नवव्या शतकातले वाचक बुध-शुक्रांच्या वाटा नुसत्या वाचत नव्हते, त्यांच्या आकृत्या काढून पाहत होते, प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे एक, कपेलाच्या म्हणण्याप्रमाणे दुसरी. लायडनच्या ग्रंथालयातल्या एका सुंदर सचित्र हस्तलिखितात हे दोन ग्रह सूर्याभोवती फिरताना रंगवलेले आहेत. कोपर्निकसपर्यंत पोहोचलेला धागा इथून जातो.

विद्यापीठं आली आणि चौकट आतून पोकळ झाली. ॲरिस्टॉटल अरबी आणि ग्रीकमधून लॅटिनमध्ये आला, तर्कशास्त्राने बाकीच्या भावंडांना कोपऱ्यात लोटलं. १२१५ च्या पॅरिस विद्यापीठाच्या नियमांत तर्काला रोजचे तास दिलेत आणि संख्येच्या चार विद्यांना सणावारी शिकवायच्या गोष्टींत टाकलंय. सुट्टीच्या दिवशीचं गणित! त्याच शतकात आंरी दांदेली याने पॅरिसचं तर्क आणि ऑर्लिआंचं व्याकरण यांची लढाई पद्यात रंगवली, व्याकरण हरतं. म्हणजे ज्या काळात सात कलांची शिल्पं आणि चित्रं होत होती, त्याच काळात त्या सातही कला समान मानाने शिकवणारी शाळा सापडणं कठीण होत चाललं होतं. कपेलाच्या सात दासी अभ्यासक्रमापेक्षा चित्र म्हणून जास्त जगल्या.

छपाईच्या युगात कपेला पहिल्यांदा निघाला तो १४९९ साली व्हिचेन्झाला. १५९९ साली लायडनला त्याची सटीप आवृत्ती काढली सोळा वर्षांच्या ह्यूगो ग्रोशियसने, जो पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्रवर्तक म्हणून गाजला. त्यानंतर पुस्तक पंडितांच्या हाती उरलं.

सात कलांच्या चौकटीचा बदललेला अवशेष मात्र आपल्या किनाऱ्यावरही आला. जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात जेझुइटांनी लॅटिन व्याकरण, वक्तृत्व आणि तर्क-तत्त्वज्ञान या क्रमाने शिकवणं चालवलं. १५५६ साली तिथे भारतातला पहिला छापखाना उभा राहिला, आणि त्यावर छापलेलं पहिलं काम म्हणजे विद्यार्थ्यांनी जाहीर वादात मांडायचे तत्त्वज्ञानातले सिद्धान्त, असं मानलं जातं. आणि पुढे मुंबई विद्यापीठातून १८६२ साली रानडे-भांडारकरांची पहिली तुकडी जी पदवी घेऊन बाहेर पडली, त्या बी.ए.चं नाव थेट मध्ययुगीन कला विद्याशाखेकडून आलेलं आहे.

अलीकडे अभ्यासाचं तोंड मूळ पुस्तकाकडून समासाकडे वळलं आहे. मारिकेन टेउवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायडनमधल्या नवव्या शतकातल्या एका प्रतीवरची सगळी टिपणं इंटरनेटवर खुली केली. ओळींच्या मध्ये, कडेला, कुठे एका ग्रीक शब्दाचा अर्थ, कुठे एका देवाची ओळख, कुठे एकाच शब्दाचे दोन-तीन पर्यायी अर्थ, निवाडा न करता शेजारी शेजारी लिहिलेले. ती वाचताना स्टाल यांनी केलेला आरोप, की ही उतरत्या काळातली आंधळी नक्कल आहे, कपेलाला लागू पडला तरी त्याच्या वाचकांना पडत नाही, हे लक्षात येतं. त्यांच्याजवळ चुकांनी भरलेलं, अवघड आणि परधर्मी पुस्तक होतं. त्यातला जवळपास प्रत्येक अडलेला शब्द त्यांनी सोडवायचा प्रयत्न केला आहे, आणि सोडवता आला नाही तिथे पुढच्याच्या हाताला लागावेत म्हणून पर्याय ठेवले आहेत.